प्लेयरचं कॅरेक्टर वश झालं तर ते चालवायचं कुणी?

घोडबंदरचा_डीएम

मंडळी जरा डोकं लावा, माझ्या ग्रुपमध्ये वाजलंय. आम्ही मी धरून सहा जण, कासारवडवलीला माझ्या घरी जमतो, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून डाइस टाकत आपापलं कॅरेक्टर चालवायचा खेळ, मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि बाकी जग चालवणारा) फिफ्थ एडिशन, २०१४ वालं, पार्टी आठव्या लेव्हलला. सेटिंग माझं स्वतःचं आहे, घाटमाथ्यावर एक वाडा, वाड्यात बाईसाहेब, दिवसा दारं-खिडक्या बंद आणि सगळ्या आरशांवर कापड, म्हणजे बाईसाहेब कोण ते कळलंच असेल. पुस्तकातल्या व्हॅम्पायरला नुसतं चार्म असतं, ते मला हिच्यासाठी मिळमिळीत वाटत होतं म्हणून मी मुद्दाम तिला डॉमिनेट पर्सन दिलं, म्हणजे समोरच्याचा ताबाच घेणारा स्पेल, डीसी १७, म्हणजे वाचायला डाइसवर १७ गाठायचे.

आमचा फायटर खंडोजी, ड्वॉर्फ, विजडम ८ म्हणजे रोलला उणे एक, सेव्ह (स्पेलपासून वाचायचा रोल) फेल. बाईसाहेब वरच्या सज्जात उभ्या राहून दर राउंडला स्वतःची ॲक्शन घालून त्याला पूर्ण ताब्यात ठेवतायत, त्यामुळे मी सरळ खंडोजीची शीट (कॅरेक्टरचे आकडे लिहिलेला कागद) माझ्याकडे घेतली आणि त्याला क्लेरिकवर, म्हणजे पार्टीतल्या देवभक्त बाईवर, सोडला. पार्टीचा सगळ्यात दणकट कुऱ्हाडवाला आपल्याच क्लेरिकला तुडवतोय, ती आडवी, डेथ सेव्ह (जगते की मरते त्याचे रोल) चालू, बाकीचे खुर्च्या सोडून उभे, माझ्या मते अख्ख्या कॅम्पेनमधली सगळ्यात भारी फाइट. फक्त खंडोजीवाला काही बोलत नव्हता, तो रील्स बघत होता. तो नेरूळवरून ट्रान्सहार्बर पकडून ठाण्याला येतो, मग स्टेशनवरून पुढे घोडबंदरचं ट्रॅफिक, म्हणजे येण्यातच अर्धा रविवार जातो. निघताना म्हणाला, पुढच्या वेळी शीट कुरियरने पाठवतो, मी कशाला येऊ.

आता मला हे इफेक्ट गेममधून काढून टाकायचे नाहीयेत. व्हॅम्पायर आहे, माणसं वश करणं हे तिचं कामच आहे, ते काढलं तर मग नुसती फिकट चेहऱ्याची बाई उरते. पण प्लेयर हातचा जाऊ नये असंही वाटतं. तुमच्याकडे कसं करता? शीट डीएमने घ्यायची, प्लेयरनेच चालवायची, की प्लेयर कॅरेक्टरवर असलं काही चालतच नाही असं सरळ ठरवून टाकायचं?

नियमवाले_नाना

आधी पुस्तक उघडू, मग मतं.

चार्म्ड ही कंडिशन फार छोटी आहे. ज्याने चार्म केलं त्याच्यावर हल्ला करता येत नाही, आणि त्याला तुझ्याशी बोलण्या-पटवण्याच्या चेकवर ॲडव्हांटेज, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा धरायचा. बास. पुढचं सगळं त्या त्या स्पेलमध्ये किंवा मॉन्स्टरच्या ब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथेच निम्मे डीएम घसरतात, चार्म म्हटलं की गुलाम. चार्म पर्सनमध्ये समोरचा फक्त ओळखीचा चांगला माणूस वाटतो, एक तास, आणि स्पेल संपल्यावर आपल्याला वश केलं होतं हे त्याला कळतं. व्हॅम्पायरच्या चार्ममध्ये तर स्पष्ट लिहिलंय की टार्गेट तिच्या कंट्रोलखाली नाही, ती फक्त अगदी विश्वासातली वाटते आणि तिचं बोलणं होईल तेवढं चांगल्या अर्थाने घेतलं जातं. २४ तास. मला विचारशील तर हे तुझ्या डॉमिनेटपेक्षा जास्त घाण हत्यार आहे आणि तू ते मिळमिळीत म्हणून फेकून दिलंस.

आता डॉमिनेट पर्सन. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, मनातल्या मनात हुकूम द्यायचा, त्याला ॲक्शन लागत नाही, टार्गेट तो हुकूम पाळायचा आपल्या परीने प्रयत्न करतो. दुसरी, स्वतःची ॲक्शन घालून पूर्ण आणि नेमका ताबा घ्यायचा. तू दुसरी वापरलीस, नियमात आहे, तक्रार नाही. पण पहिलीमध्ये काय मजा आहे बघ, ‘त्या बाईला मार’ एवढाच हुकूम आला तर कुठल्या हत्याराने, किती जोर लावून, आधी टेबल ओलांडून की वळसा घालून, हे सगळं प्लेयर ठरवू शकतो. शीट त्याच्याच हातात राहते.

बाकी काही चेक करून घे. लढाई चालू असताना टाकलं असेल तर सेव्हला ॲडव्हांटेज आहे, दिला होता ना? डीसी १७ ला उणे एकवाल्याला १८, १९ किंवा २० पडायला लागतो, म्हणजे १५ टक्के, ॲडव्हांटेज धरून सुमारे २८. टार्गेटला डॅमेज झालं की दर वेळी नवीन सेव्ह. कॉन्सन्ट्रेशन आहे, म्हणजे बाईसाहेबांना एक बाण लागला तरी त्यांना सेव्ह करावा लागतो, तो फेल झाला की स्पेल तुटतो. आणि डिस्पेल मॅजिक (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) चालतं, तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने मारलं तर पाचव्या लेव्हलच्या स्पेलला डीसी १५ चा चेक.

अजून एक, हे पुस्तकात नाही. स्पेलची मुदत एक मिनिट. एक मिनिट म्हणजे दहा राउंड. तुमच्याकडे एक राउंड किती वेळ चालतो? आमच्याकडे दहा-बारा मिनिटं सहज जातात. म्हणजे खंडोजीचं एक मिनिट झालं आणि खंडोजीवाल्याचे पावणेदोन तास गेले.

घोडबंदरचा_डीएम

नाना ॲडव्हांटेज दिला होता, ४ आणि ११ पडले. डिस्पेल कुणाकडे नव्हतं. आमच्या पार्टीतल्या रोगने (इंग्रजी रोग, चोर-छाप कॅरेक्टर) एक बाण मारला तो लागला पण बाईसाहेबांनी कॉन्सन्ट्रेशन राखलं. राउंडचं गणित मात्र डोक्यात आलं नव्हतं, आमचा पण तेवढाच लांबतो.

ऐरोलीचा_रोग

मी खंडोजीवाल्याच्या बाजूने आहे आणि जरा कडकच बोलणार आहे.

डीएमकडे अख्खं जग आहे. राजा तू, राक्षस तू, पाऊस तू, चहावाला तू. प्लेयरकडे फक्त एक माणूस असतो आणि त्याचं काय करायचं एवढाच हक्क. तोही काढून घेतलास तर तो टेबलावर प्रेक्षक आहे. बाकी कुठलाही मार असा लागत नाही. होल्ड पर्सनमध्ये पण माझी टर्न जाते, मी पॅरालाइज होऊन पुतळ्यासारखा उभा असतो, बोअर होतं पण राग येत नाही, कारण पुतळा झालो तरी तो माझाच पुतळा आहे, त्याने काही केलेलं नाही. डॉमिनेटमध्ये माझ्या कॅरेक्टरने मैत्रिणीला मारलं आणि ते मी ठरवलेलं नाही. पुढच्या सेशनला मीच तिची माफी मागायची म्हणजे केलं कुणी आणि निस्तरायचं कुणी. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, लोक त्यांची खिचडी करतात. कंटाळ्याचा इलाज राउंड कमी करून होतो, दुसरीचा होत नाही.

दुसऱ्या गेम्सनी हे बऱ्यापैकी सोडवलंय. फेटमध्ये डीएम कंपेल करतो, म्हणजे तुझ्या कॅरेक्टरच्या एखाद्या खोडीवर बोट ठेवून म्हणतो की आता तू असं वागशील आणि गोत्यात येशील, हा घे फेट पॉइंट. नको असेल तर तूच एक पॉइंट मोजून नकार देऊ शकतोस. अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये, २०१० चा गेम, एका प्लेयरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरला पटवायचा रोल चांगला मारला तर समोरच्यावर जबरदस्ती होत नाही, ऐकलंस तर एक्सपीरियन्स मिळेल आणि नाही ऐकलंस तर दडपणाखाली काम केल्याचा रोल मारावा लागेल, आता बघ तुझं तू. दोन्हीकडे शेवटचा शब्द प्लेयरचा आणि तरी मोहाची किंमत खरी लागते. मी डी अँड डी चालवतो तेव्हा हेच ढापतो, सेव्ह गेला की विचारतो, हुकूम पाळतोस तर इन्स्पिरेशन (नंतर एका रोलला ॲडव्हांटेज) घे, नाही पाळत तर दर टर्नला ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन डाइस पडतील तेवढं, सायकिक डॅमेज खा. लोक आनंदाने पाळतात. डॅमेज घेऊन दात-ओठ खात उभे राहणारे पण असतात आणि तो सीन त्याहून भारी होतो.

चिठ्ठीवाली

कोपरखैरणेवरून हजेरी. रोगचं इन्स्पिरेशनवालं छान आहे पण मला त्यात एक खटकतं, प्लेयर हिशोब करायला लागतो. १० डॅमेज की मैत्रीण, माझे एचपी (जीव) किती उरलेत. माणूस भुलतो तेव्हा असा हिशोब करत नाही ना, त्याला वाटतं आपण बरोबरच करतोय.

मी चिठ्ठी देते. हुकूम लिहीत नाही, कॅरेक्टरला या क्षणी काय खरं वाटतंय तेवढंच दोन ओळीत लिहिते आणि पुढचं सगळं प्लेयरवर. आमच्याकडे एक बार्बेरियन आहे, त्याच्या बॅकस्टोरीत धाकटा भाऊ पुरात वाहून गेलेला, पहिल्या सेशनपासून सगळ्यांना माहीत. नदीकाठी एक फे (परीसारखी मायावी जात) भेटली, पोराच्या रूपात, बार्बेरियनचा सेव्ह फेल. मी चिठ्ठी सरकवली, ‘हा तुझा धाकटा आहे. हे लोक त्याला परत पाण्यात घालणार आहेत.’ त्याने वाचली, घडी घातली, शर्टच्या खिशात टाकली आणि म्हणाला, मी पोराच्या आणि बाकीच्यांच्या मधे जाऊन उभा राहतो. विझार्डवाली म्हणाली अरे बाजूला हो, कोण आहे हा? तो म्हणाला, धाकटा. टेबलावर कुणालाच काही बोलता येईना, कारण धाकटा गेलाय हे सगळ्यांना ठाऊक. पुढची वीस मिनिटं एक हल्ला नाही, सगळे त्याला समजावतायत, आणि तो प्रत्येकाला उत्तर देतोय, चिडून, रडकुंडीला येऊन, एकदा तर विझार्डवालीला म्हणाला तुला भाऊ नाही म्हणून तुला कळत नाही. मी मधे एक शब्द बोलले नाही. शेवटी क्लेरिकने विचारलं, धाकट्याच्या कपाळावर खोक होती ना रे? मी त्याला नवीन सेव्ह दिला, पुस्तकात नसताना.

हे शीट हातात घेऊन मला जन्मात जमलं नसतं. त्याचा भाऊ त्याच्याइतका मला माहीतच नाही.

हां, पण हे सगळ्यांबरोबर चालत नाही. काही लोक चिठ्ठी वाचून पण म्हणतात, मी हल्ला करतो पण मुद्दाम हळू करतो, मी वार करतो पण पालथ्या कुऱ्हाडीने. अशा माणसाला चिठ्ठी देण्यात अर्थ नाही, त्याला सरळ होल्ड पर्सन मारा आणि मोकळे व्हा.

ठाणे_ते_पनवेल_स्लो

लोकलच्या डब्यात बाबांचं स्टिकर बघितलंय का, वशीकरण २४ तासात, काम झालं नाही तर पैसे परत. व्हॅम्पायरचं चार्म पण २४ तास. फक्त बाईसाहेब पैसे परत देत नाहीत.

जुना_डाइस

इथे सगळे फार हळवे झालेत बुवा. मी जुन्या पद्धतीचे गेम चालवतो त्यामुळे ऐकून घ्या.

१९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकात चार्म पर्सन पहिल्या लेव्हलचाच स्पेल होता आणि त्यातून सुटायला नवीन सेव्ह कधी मिळायचा तर तुमच्या बुद्धीप्रमाणे. इंटेलिजन्स १८ असेल तर दोन दिवसांनी एकदा. ३ किंवा कमी असेल तर तीन महिन्यांनी. तीन महिने! आणि तुम्ही एक मिनिटावरून भांडताय. तेव्हा कुणी शीट कुरियर करत नव्हतं, दुसरं कॅरेक्टर काढायचे आणि खेळायचे, कारण कॅरेक्टर मरतं, वश होतं, दगड होतं, हे धरूनच बसायचे.

आणि एक सांगा, गेल्या वर्षभरात तुमच्या पार्टीने किती पहारेकऱ्यांना चार्म केलं? गॉब्लिनला सजेशन मारून स्वतःच्याच टोळीचा तळ दाखवायला लावलं तेव्हा किती हसलात? तेव्हा त्या गॉब्लिनचा हक्क कुठे गेला होता? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. स्पेल पुस्तकात आहे तर दोन्ही बाजूंना आहे.

दुसरं म्हणजे तयारी. आरशांवर कापड बघून पण तुमच्या क्लेरिकला काही सुचलं नाही? प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड पहिल्या लेव्हलला मिळतं, थोडं होली वॉटर खर्च होतं, आणि ज्याच्यावर टाकलं त्याला अनडेड चार्म करू शकत नाहीत, विषय संपला. डॉमिनेट पर्सन पण चार्मच करतं त्यामुळे तेही अडतं. आधीच वश झालेला असेल तरी पुढच्या सेव्हला ॲडव्हांटेज. डिव्होशनच्या पॅलाडिनजवळ सातव्या लेव्हलपासून दहा फुटांत कुणी चार्म होतच नाही. एल्फला जन्मतः ॲडव्हांटेज असतो. हे सगळं पुस्तकात यासाठीच दिलंय की मनावरचा हल्ला हा धोका आहे आणि त्याची तजवीज करणं हा खेळाचा भाग आहे. तुम्ही धोकाच काढलात तर ही अर्धी पानं फाडून भेळेला द्या.

ऐरोलीचा_रोग

काका गॉब्लिन संपला तर डीएम पुढच्या दारामागे अजून बारा गॉब्लिन काढतो. खंडोजीवाल्याकडे अजून बारा खंडोजी नाहीत. दोन्ही बाजूंना सारखं हे कागदावर दिसतं तेवढं टेबलावर नसतं.

आणि तयारीचं म्हणाल तर ज्याला स्पेल बसतो तो आणि ज्याने तयारी करायची तो, हे दोघे वेगळे आहेत. क्लेरिकने होली वॉटर घेतलं नाही म्हणून फायटरवाल्याने बसून राहायचं. विजडम कमी असलेला नेहमी फायटर नाहीतर बार्बेरियन असतो आणि कुऱ्हाड पण त्यांच्याच हातात असते, त्यामुळे प्रत्येक डीएमला बरोबर त्यांनाच वश करायचा मोह होतो. आमच्यात एक फायटरवाला रेझिलिएंट फीट घेऊन विजडम सेव्ह वाढवून बसलाय, मजेसाठी नाही, वैतागून.

जुना_डाइस

वैतागून का होईना, तजवीज केली ना त्याने.

खारघरची_क्लेरिक

सगळे फाइटमधल्या वशीकरणाबद्दलच बोलताय म्हणून लिहिते.

वाशीला एका ठिकाणी ओपन टेबल असायचं, अनोळखी लोकांबरोबर वन-शॉट, एका बैठकीत संपणारा गेम. माझ्या कॅरेक्टरवर एका सरदाराने चार्म टाकलं, सेव्ह फेल, आणि डीएम पुढे वर्णन करायला लागला की तुला तो आता किती आवडायला लागलाय, तू त्याच्या मागे मागे जातेस, त्याच्या शेजारी बसतेस. मी म्हटलं माझं कॅरेक्टर असं करणार नाही, तर उत्तर आलं सेव्ह फेल झालाय ना, आता तू थोडीच ठरवणार. टेबल हसलं. मी चहा प्यायला जाते म्हणून उठले आणि नेरूळची बस पकडली.

त्याला वाईट काही करायचं नसेलही, पण बघा काय झालं ते, नियमाच्या जोरावर एका अनोळखी माणसाने मला सांगितलं की तुझी ना ही ना नाही. आणि पुस्तकातही तसं लिहिलेलं नाहीये, नानांनी वर सांगितलंय, चार्म पर्सनमध्ये समोरचा ओळखीचा चांगला माणूस वाटतो, तेवढंच. प्रेम, आकर्षण वगैरे लोक आपल्या मनचं घालतात.

म्हणून माझ्या टेबलावर हे सेशन झीरोलाच, म्हणजे गेम सुरू होण्याआधीच्या बैठकीत, विचारून घेते, मनावर ताबा चालेल का, कुठपर्यंत. रॉन एडवर्ड्सनी लाइन्स आणि व्हेल्स हे २००३ मध्ये मांडलं, लाइन म्हणजे हे गेममध्ये येणारच नाही, व्हेल म्हणजे आलं तरी पडद्याआड, वर्णन नाही. माझ्याकडे चार्म वापरून जवळीक ही लाइन आहे, सगळ्यांसाठी, विचारायची पण गरज नाही. आणि वश होऊन मित्रांना मारणं हे ज्याचं त्याने सांगायचं. कुणी म्हणतं बिनधास्त करा, कुणी म्हणतं मला नको, आणि ज्याने नको म्हटलं त्याच्यावर मी फ्राइटन्ड वापरते, कन्फ्युजन वापरते, दुसरे शंभर मार आहेत. शिवाय टेबलावर एक्स कार्ड असतं, जॉन स्टॅव्हरोपुलोसचं, कुणी बोट ठेवलं की ते तिथेच कापायचं, कारण विचारायचं नाही. कार्डाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही पण ते तिथे दिसतं म्हणून लोक मोकळेपणाने खेळतात.

जुना डाइस, तुमच्या तीन महिन्यांच्या चार्मबद्दल मला एवढंच विचारायचंय की तुमच्या टेबलावर कोण कोण बसायचं.

जुना_डाइस

शाळेतली पाच पोरं, ठाण्याच्या एका चाळीच्या गच्चीवर. मुद्दा कळला. जवळीकवाल्या गोष्टीत मी तुमच्या बाजूने आहे, तसं कुणी माझ्या टेबलावर केलं तर त्याला मीच जिना दाखवेन. फाइटमधल्या डॉमिनेटवर माझं मत तेच.

नियमवाले_नाना

एक भर घालतो. कुठला गेम खेळतोय त्यावरही आहे. कॉल ऑफ क्थुलू हा भयकथांचा गेम चालवतो तेव्हा हीच माणसं एक अक्षर बोलत नाहीत. तिथे एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी गेली आणि इंटेलिजन्सचा रोल लागला, म्हणजे जे बघितलं ते नीट समजलं, की वेडाचा झटका, आणि सातव्या एडिशनमध्ये त्या झटक्यापुरता कीपर, म्हणजे तिथला डीएम, तुमचं कॅरेक्टर चालवू शकतो. कुणाला राग येत नाही, कारण त्या गेमला बसतानाच माहीत असतं की आपलं डोकं ठिकाणावर राहणार नाही, तेच बघायला आलोय. डी अँड डीला माणूस हीरो व्हायला येतो. हीरोच्या हातून मैत्रीण मारली गेली तर त्याला ते वेगळं लागणारच. तुझा वाडा नक्की कुठल्या जातीचा आहे हे प्लेयरना सांगितलं होतंस का? भुताटकी म्हणून बसले होते की मारामारी म्हणून?

नेरूळचा_खंडोजी

लिंक ग्रुपवर कुणीतरी टाकली, मीच तो कुरियरवाला.

वर सगळ्यांनी माझ्या वतीने बरंच काही लिहिलंय, धन्यवाद, पण माझा मुद्दा कुणीच लिहिला नाही. कंटाळा आला होता, खरंय, पण त्यासाठी मी भडकलो नव्हतो. क्लेरिकला मारल्याचंही नाही, उलट ते भारी होतं, मला स्वतःला करायला आवडलं असतं. भडकलो ते ॲक्शन सर्जवर, म्हणजे फायटरला एका टर्नला मिळणारी जादा ॲक्शन, एकदा वापरली की रेस्ट घेतल्याशिवाय परत नाही. पहिल्याच टर्नला डीएमने माझा ॲक्शन सर्ज वापरला. तो मी वाड्याचा दरवाजा तोडताना वापरला नाही, लांडग्यांच्या वेळी वापरला नाही, दोन सेशन बाईसाहेबांसाठी जपून ठेवला होता, आणि तो माझ्याच क्लेरिकवर गेला, डाइस पण दुसऱ्याने टाकले. माझी कुऱ्हाड घे, अंग घे, पण जे साठवून ठेवलंय त्यात हात घालू नको.

आणि बाईसाहेबांना तो माझ्याकडे आहे हे कळलं कसं?

घोडबंदरचा_डीएम

हे तू त्या दिवशी तोंडाने बोलला असतास तर काय बिघडलं असतं 😄 सर्जचं माझं म्हणणं होतं की पूर्ण ताबा म्हणजे पूर्ण ताबा. नाना, नियम काय म्हणतो?

नियमवाले_नाना

नियम म्हणतो की ताब्यात असताना टार्गेट फक्त ताबा घेणाऱ्याने निवडलेल्या ॲक्शन करतो. त्याच्या अंगात कुठली फीचर शिल्लक आहेत हे ताबा घेणाऱ्याला दिसतं असं कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. मी डीएम असतो तर बाईसाहेबांनी आधी त्याला सर्ज मारताना बघितलं असेल तरच वापरू दिला असता.

घोडबंदरचा_डीएम

बघितलेलं नाही, त्याने कधी वापरलाच नव्हता. मग सर्ज परत देतो, पुढच्या सेशनला शीटवर टिक मारून ठेव.

बाकी वाचून माझं असं ठरतंय. शीट आणि डाइस प्लेयरकडेच. बाईसाहेब पूर्ण ताबा घेणार नाहीत, एका वाक्यात हुकूम देतील आणि तो कसा पाळायचा ते खंडोजी बघेल, त्यात चिठ्ठीवालीची आयडिया घालतो, हुकुमाबरोबर एक ओळ की तुला हे बरोबर का वाटतंय. दर टर्नच्या शेवटी सेव्ह, डॅमेज होवो न होवो, म्हणजे दहा राउंड कुणी अडकणार नाही. शॉर्ट रेस्ट, लाँग रेस्टवाल्या गोष्टी प्लेयर स्वतः म्हणेल तरच खर्च. आणि रविवारी आधी अर्धा तास चहा आणि सेशन झीरोचं राहिलेलं विचारून घेतो, क्लेरिकवालीला पण, ती त्या दिवशी हसत होती पण डेथ सेव्ह तिचे चालू होते, तिला कुणी विचारलंच नाही. रोगचा सायकिक डॅमेजवाला सौदा मी घेत नाहीये, आमच्यात सगळे एचपी मोजत बसतील. जुना डाइस, होली वॉटरचं दुकान वाड्याच्या पायथ्याच्या गावात उघडतो, भाव चढा ठेवतो.

जुना_डाइस

आता कसं.

चिठ्ठीवाली

चिठ्ठी आधी लिहून ठेव, फाइटच्या मधे सुचत नाही. आणि दोन-तीन कोऱ्या चिठ्ठ्या पण वाट, ज्यांचे सेव्ह पास झालेत त्यांना, म्हणजे खरी कुणाकडे गेली ते कळत नाही.

नेरूळचा_खंडोजी

चालेल, येतो रविवारी. एक शंका, डॅमेज झालं की नवीन सेव्ह ना, मग मला वश केलं की आमच्या विझार्डने येऊन एक कानाखाली वाजवली तर? मुद्दाम, सेव्हसाठी.

नियमवाले_नाना

डॉमिनेटला चालेल, तिथे डॅमेज कुणी केलं ते लिहिलेलं नाही. पुस्तकातल्या व्हॅम्पायर चार्मला चालणार नाही, तिथे बाईसाहेब किंवा त्यांच्या माणसांनी इजा केली तरच सेव्ह. आणि विझार्डची स्ट्रेंग्थ किती? अनआर्म्ड स्ट्राइक म्हणजे १ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर.

नेरूळचा_खंडोजी

८.

नियमवाले_नाना

मग १ वजा १, शून्य. शून्य डॅमेज म्हणजे डॅमेज नाही, सेव्ह नाही. तुमच्या पार्टीतल्या रोगला मारायला सांग.

नेरूळचा_खंडोजी

रोगची १० आहे, जमेल. पण माझा एसी (मला मार लागायला गाठायचा आकडा) २० आहे आणि तो मी कुणासाठी कमी धरणार नाही.